बदनाम गाडीचा खरा भाव

पुण्या-ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अजूनही एखादी नॅनो कोपऱ्यात धूळ खात उभी दिसते. कव्हर फाटलेलं, टायर बसलेले, काचेवर कबुतरांची कृपा. मालकाने केव्हाच दुसरी गाडी घेतलेली असते. ‘काढायची आहे हो, पण हिला घेणार कोण?’ हे त्याचं ठरलेलं उत्तर.

घेणारे आहेत. नवी स्कूटर रस्त्यावर आणायला आज लाखाच्या आसपास मोजावे लागतात. तेवढ्यात, आणि पडून राहिलेली असेल तर पुष्कळ कमीत, डोक्यावर छप्पर असलेली चारचाकी दारात येते. रतन टाटांनी स्कूटरवर भिजत जाणारं चौकोनी कुटुंब पाहून ही गाडी मनात आणली होती, हे आता सर्वांना पाठ आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती जगासमोर आली तेव्हा लाखाचा आकडा घोषणेसारखा गाजला. २००९ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा सर्वांत साध्या मॉडेलचीही शोरूमची किंमत लाखाच्या वर गेली होती आणि कर-विमा वेगळा. २०१५ ची ‘जेनएक्स’ तर दोन लाखांच्या घरात पोचली. लाखाचा शब्द खऱ्या अर्थाने पाळला तो सेकंड-हँड बाजाराने, तोही दहा-पंधरा वर्षं उशिरा.

गाडी स्वस्त का मिळते, याचं उत्तर तिच्या बदनामीत आहे. ही बदनामी एकसंध नाही. तीत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. घेणाऱ्याने त्या सुट्या केल्या नाहीत तर एकतर तो चांगली गाडी हातची घालवतो, नाहीतर भलत्याच गोष्टीवर डोळे मिटतो.

पहिली गोष्ट लाजेची. ‘जगातली सर्वांत स्वस्त गाडी’ हे बिरुद नॅनोला चिकटलं आणि तिथेच घात झाला, कारण आपल्याकडे गाडी ही लग्नाच्या वरातीपासून शेजाऱ्यांच्या कुतूहलापर्यंत सगळीकडे मिरवायची वस्तू. स्वस्त म्हणून ओळखली जाणारी वस्तू कोण मिरवणार? पुढे खुद्द रतन टाटांनीही ‘स्वस्त’ हा शिक्का गाडीला भोवल्याची कबुली दिली. सुरुवातीला दोन लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली होती, सोडत काढून गाड्या द्याव्या लागल्या. मात्र कारखान्यासाठी घेतलेल्या सिंगूरच्या जमिनीचा वाद पेटला, ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने पश्चिम बंगालमधून काढता पाय घेतला, आणि गुजरातेत साणंदचा कारखाना सुरू व्हायला जून २०१० उजाडला. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची. प्रत्यक्षात २०११-१२ या सर्वांत चांगल्या वर्षी सुमारे ७४ हजार गाड्या विकल्या गेल्या, आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबेपर्यंतचा एकूण आकडा तीन लाखांच्या आतच राहिला. जून २०१८ मध्ये तर महिनाभरात एकच गाडी बनली. या लाजेचा गाडीच्या इंजिनाशी काडीचाही संबंध नाही. जुनी गाडी घेणाऱ्यासाठी ती निव्वळ सवलत आहे.

दुसरी गोष्ट आगीची. २००९-१० मध्ये काही नॅनो पेटल्या, त्यातली मुंबईतल्या मुलुंडची घटना विशेष गाजली. नवी कोरी गाडी रस्त्यात जळत असल्याची दृश्यं घराघरांतल्या टीव्हीवर दिसली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये देशभरात जेमतेम ५०९ नॅनो विकल्या गेल्या. आराखड्यात दोष नाही, बाहेरून बसवलेली जास्तीची विजेची उपकरणं किंवा एक्झॉस्टवर राहिलेल्या परक्या वस्तू याला कारण आहेत, अशी कंपनीची भूमिका होती. तरी तिने आधी विकलेल्या गाड्यांच्या एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण मोफत बसवून देण्याची तयारी दाखवली. त्यामुळे २००९-१० चं मॉडेल समोर असेल तर ते काम झालं आहे का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, कोणत्या नाक्यावरच्या दुकानात तिला अलार्म, जादा हॉर्न किंवा मोठा म्युझिक सिस्टम लावलाय. वायर कापून, चिकटपट्टी गुंडाळून केलेले जोड दिसले की सावध व्हावं. ही बदनामी तपासता येते आणि बहुतेक वेळा दुरुस्तही होते.

तिसरी गोष्ट मात्र खरी आहे आणि ती कोणत्याच गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही. २०१४ च्या जानेवारीत ‘ग्लोबल एनकॅप’ने ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या धडक-चाचणीचे निकाल जाहीर केले. नॅनोला शून्य तारे मिळाले. एअरबॅग आणि एबीएस या गाडीत शेवटपर्यंत आलेच नाहीत. न्यायाने बोलायचं तर त्याच फेरीत अल्टो ८००, आय टेन, फिगो आणि एअरबॅग नसलेली पोलो यांनाही शून्यच मिळालं होतं. अल्टोचा रिसेल भाव त्याने तसूभरही हलला नाही, नॅनोच्या नावाला मात्र आणखी एक डाग लागला. बाजार असाच चालतो. तरीही शून्य ते शून्यच. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर ट्रकच्या रांगेत ही गाडी घालणं हा शहाणपणा नाही. ताशी चाळीसच्या आत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत, मंडई-बँक-दवाखाना या त्रिकोणात तिचा विचार व्हावा.

ही वर्गवारी झाली की गाडीची अवस्था पाहायची. इथे एक दुष्टचक्र आहे. ज्या गाडीला भाव नाही, तिच्यावर मालक खर्च करत नाही. ‘पन्नास हजाराच्या गाडीला पंधरा हजाराचं काम कशाला?’ असं म्हणून क्लच ओढत नेला जातो, ऑइल बदलायचं राहतं, मग गाडी रस्त्यात दगा देते, आणि दगा दिला की ‘नॅनो ना, असंच होणार’ हे वाक्य तयारच असतं.

नॅनोच्या बाबतीत या हेळसांडीला तिची रचनाही हातभार लावते. दोन सिलिंडरचं ६२४ सीसीचं पेट्रोल इंजिन मागे आहे आणि मागचीच चाकं गाडी ढकलतात. सवयीने पुढचं बॉनेट उघडावं तर आत स्टेपनी आणि पेट्रोल भरण्याचं तोंड. पंपावरचा मुलगा गोंधळतो ते याचमुळे. इंजिन पाहायचं तर मागच्या सीटची पाठ पाडून, सामान ठेवायच्या जागेतलं झाकण सोडवावं लागतं. शिवाय जुन्या मॉडेलांना डिकीचं दारच नाही, काच पक्की बसवलेली. म्हणजे ऑइलची काडी ओढून बघण्याइतकं साधं कामसुद्धा या गाडीत खटाटोपाचं. बऱ्याच मालकांनी वर्षानुवर्षं ते झाकण उघडलेलंच नसतं.

म्हणून गाडी पाहायला जाताना इंजिन थंड असतानाच जावं. विक्रेत्याने आधीच ‘गरम करून ठेवली’ असेल तर तासभर चहापाण्यात घालवायला हरकत नाही. झाकण उघडून आधी ऑइल भरण्याच्या टोपणाची आतली बाजू पाहायची. तिथे सायीसारखा दुधाळ चिकटा असेल तर ऑइलमध्ये कूलंट किंवा पाणी मिसळतंय, आणि हेड गॅस्केटचं काम निघण्याची शक्यता मोठी. कूलंटच्या जागी नळाचं गंजकट पाणी भरलेलं दिसलं तर गाडी कधीतरी तापली होती असं गृहीत धरावं. मग सेल्फ मारायचा. स्टार्टर चरचरत, अडखळत फिरला तर बॅटरी किंवा स्टार्टर गेला. बॅटरी पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे तिथला पत्रा गंजलाय का तेही त्याच वाकण्यात दिसतं. इंजिन सुरू झाल्यावर जी थरथर जाणवते ती दोन सिलिंडरची जन्मखूण आहे, तिला घाबरू नये. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर मघाचा गॅस्केटचा संशय पक्का. एसी लावून गाडी पंधराएक मिनिटं जागेवर चालू ठेवावी आणि रेडिएटरचा पंखा स्वतःहून सुरू होतोय का, ते कान देऊन ऐकावं.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचे आजार वेगळे. टाकीतलं पेट्रोल जुनं होऊन पेट्रोलपंप अडकतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्यामुळे पावसाळ्यानंतर ड्रम जाम झालेले सापडतात. उंदरांनी वायरिंगचा फडशा पाडलेला असेल तर तो खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात बसत नाही. रबरी नळ्या तडकलेल्या असतात, आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळत असताना अशा जुन्या नळ्या बदलून घेणंच बरं. टायरवर नक्षी शिल्लक आहे म्हणून फसू नये. कडेला कोरलेले चार आकडे वाचावेत: २३१६ म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, आता तो फक्त पार्किंगपुरता. नॅनोचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा मुद्दाम रुंद दिलेले आहेत, वजन मागे असल्यामुळे गाडी ताब्यात राहावी म्हणून. कुणी काटकसरीत चारही सारखे बसवले असतील तर ते बदलायचा खर्च भावातून वजा करून घ्यावा.

टायर, बॅटरी, क्लच, ब्रेकचं काम आणि नळ्या मिळून पंचवीस-तीस हजार सहज उडतात. सुटे भाग मिळतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घातला तर इंजिन-ब्रेकचं बहुतेक सामान हाती लागतं. अडतं ते हेडलाइट, बंपर, दाराच्या काचा आणि आतल्या प्लॅस्टिकपाशी. म्हणून यंत्रात थोडं काम असलेली पण अंगाने धड गाडी, ही चालू पण ठोकलेल्या गाडीपेक्षा केव्हाही परवडते.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करणं सगळ्यांत महाग पडतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. २०१० ची नॅनो २०२५ मध्ये त्या उंबरठ्यावर आली, आणि बरेच मालक नेमक्या याच वेळी गाडी काढतात. नूतनीकरणासाठी आरटीओत गाडी दाखवून फिटनेस तपासणी करावी लागते. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचं शुल्क मोटारीला ६०० वरून ५,००० रुपये झालं आहे, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. तेव्हा आरसीवरची मुदत आधी वाचावी, गाडी नंतर. परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकला की मालक कितवा, कर्जाचा बोजा चढलेला आहे का, विमा कधी संपला हे कळतं. न भरलेली ई-चलनंही पाहून घ्यावीत. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं पुष्कळदा दिसतं. ते काढायला बँकेचं ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म लागतो. नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असल्याने नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवलेली हवी.

विकणाऱ्यालाही इथे एक इशारा. सही केलेले कोरे फॉर्म एजंटाच्या हातात देऊन ‘सुटलो एकदाचा’ म्हणणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे की, आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईच्या दृष्टीने मालक, मग गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेली असो. विम्यात मात्र या गाडीची चंगळ आहे. एक हजार सीसीच्या आतल्या खासगी गाडीला थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता २,०९४ रुपये, अधिक जीएसटी. पन्नास-साठ हजारांच्या गाडीला पूर्ण विम्याचा हट्ट धरण्यात फारसा अर्थ उरत नाही.

एवढी झाडाझडती करून ती घ्यायची कशासाठी? बाहेरून ३.१ मीटर लांब असलेल्या या गाडीत उंच माणूस टोपी घालून ताठ बसू शकतो. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना खाली वाकून बसावं लागत नाही, की बाहेर पडताना कुणाचा हात धरावा लागत नाही. सदाशिव पेठेतल्या बोळात ती वळते आणि दोन बुलेटच्या मधल्या जागेत उभी राहते. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या अभियंत्यांनी एक वायपर, तीन नटांचं चाक अशी पै-पै वाचवली, पण बसण्याच्या जागेत कंजुषी केली नाही, हे आत बसल्याशिवाय कळत नाही.

मॉडेल निवडायचं तर २०१४ च्या ‘ट्विस्ट’पासून पॉवर स्टिअरिंग आलं आणि २०१५ च्या जेनएक्समध्ये उघडणारी डिकी, मोठी पेट्रोल टाकी आणि क्लच न दाबता चालणाऱ्या एएमटी गिअरचा पर्याय मिळाला. शहरात फिरायला आणि ज्येष्ठांना चालवायला तीच सोयीची. २०१७-१८ च्या जेनएक्सची नोंदणी २०३२-३३ पर्यंत चालेल. अशा गाड्या थोड्याच बनल्या, आणि त्यांच्या मालकांना हे ठाऊक झालं आहे. तिथे घासाघीस फारशी चालत नाही.