एकलव्याचा अंगठा आणि भाचीचा तीरकामठा

एकलव्याची कथा आपल्या वस्तीत कोणाला ठाऊक नाही? जयंतीच्या व्यासपीठावर ती दरवर्षी सांगितली जाते. द्रोणाचार्याने विद्या तर दिली नाहीच, उलट स्वकष्टाने मिळवलेल्या विद्येचे मोल म्हणून उजव्या हाताचा अंगठा मागून घेतला. आपल्या आज्या-पणज्यांचेही अंगठे असेच गेले. ते कोणी सुरीने कापले नाहीत, सावकाराच्या कागदावर शाई लावून उमटवून घेतले. परमपूज्य बाबासाहेबांनी त्या हातात लेखणी दिली आणि अंगठ्याची जागा सहीने घेतली. या क्रांतीचे आम्ही स्वतः एक लहानसे फळ आहोत. वडील अंगठा उठवत, आम्ही बी.कॉम. होऊन कारकुनी करतो.

पण या कथेचा दुसरा भाग आपण विसरलो असे आम्हाला वाटते. एकलव्याचे जे हिरावले गेले ते धनुष्य होते. लेखणी आपण परत मिळवली, धनुष्याचे काय? मोहोळमध्ये गल्लोगल्ली क्रिकेट आहे, कबड्डी आहे, शाळेत खो-खो आहे. धनुर्विद्या मात्र दूरदर्शनवरच्या मालिकेत राजपुत्रांनी करायची गोष्ट, असाच समज. आठवीत शिकणाऱ्या आमच्या भाचीने जेव्हा म्हटले, "मामा, मला तीरकामठा शिकायचाय," तेव्हा घरातले सगळे हसले. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो.

हिशेब काही सोपा नव्हता. ऑलिंपिकमध्ये जे धनुष्य वापरतात ते धातूची मूठ, कार्बनची पाती, नेम धरण्याचा काटा, तोल सांभाळणाऱ्या दांड्या असे सुटे जोडलेले असते. चांगला संच बाणांसह दोन-तीन लाखांच्या घरात जातो. कारकुनाच्या किंवा शेतमजुराच्या घरात एवढ्या पैशात मुलीचे शिक्षण होते. खेळण्याच्या दुकानातील प्लॅस्टिकचे धनुष्य काही कामाचे नाही. मग उरतो तो आपल्या देशाचा जुना मार्ग, म्हणजे मापाने करून घेतलेला लाकडी किंवा बांबूचा तीरकामठा.

हे धनुष्य कमी दर्जाचे आहे असे कोणी समजू नये. शिकंदराच्या स्वारीच्या आधारे लिहिणाऱ्या आरियन या ग्रीक इतिहासकाराने नोंदवले आहे, की हिंदी पायदळाचे धनुष्य माणसाच्या उंचीएवढे असे. ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने रेटून ओढत आणि त्याच्या बाणापुढे ढाल टिकत नसे. इंग्लंडमध्येही यू नावाच्या झाडाचे माणसाएवढे उंच धनुष्य सामान्य कुळवाड्यांच्या हाती होते. १४१५ साली अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत त्या पायदळ तिरंदाजांनी चिलखत घातलेल्या घोडेस्वार सरदारांना चिखलात लोळवले. १५४५ साली बुडालेले मेरी रोझ हे लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढले. त्या जहाजावर शंभरावर अखंड धनुष्ये सापडली. साध्या माणसाच्या हातात लांब लाकूड आणि रोजचा सराव असला की उच्चपदस्थांचा माज उतरतो, हे इतिहासात असे नमूद आहे.

माप कसे घेतले?

आमचे एक स्नेही नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक आहेत. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा बांधवांच्या घराघरात आजही तीरकामठा असतो. त्यांच्या ओळखीने तेथील एका वयोवृद्ध कारागिराला धनुष्य करायला सांगितले. माप म्हणून आम्ही सुतळीला दोन गाठी मारून पाठवल्या. एक भाचीच्या उंचीची, दुसरी दोन्ही हात पसरल्यावर बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतची. पसरलेल्या हातांच्या मापाला अडीचने भागले की दोरी किती मागे ओढली जाईल त्याचा अंदाज येतो. धनुष्य त्या ओढीला पुरले पाहिजे, नाहीतर मोडते.

कारागिराने मुलीचे वय विचारले नाही. तिची ताकद किती आणि ती कशावर नेम धरणार, एवढेच विचारले. आमच्या स्नेह्यांनी सांगितले, "पोत्यावर." म्हातारा हसला म्हणे, पण काम मनापासून केले.

ते काम समजून घेण्यासारखे आहे. बांबू तीन वर्षांवरचा, भरीव आणि पावसाळा सरल्यावर तोडलेला हवा. कोवळ्या, ओल्या बांबूत कीड लवकर पडते. अमावास्या-पौर्णिमेचा संबंध अनेकजण जोडतात, पण किडीला तिथी कळत नाही, तिला बांबूतला गोड पिठूळ अंश कळतो. मग तो सावलीत महिनोन्‌महिने सुकवायचा. धनुष्याची जी बाजू निशाणाकडे असते ती पाठ आणि तिरंदाजाकडची ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. म्हणून बांबूची हिरवी साल, जिच्यात सर्वात चिवट धागे असतात, ती पाठीला अखंड ठेवतात. तिला कोयता लागू द्यायचा नाही. जे काही ताशायचे ते पोटाकडून.

सर्वात अवघड भाग म्हणजे दोन्ही पाती सारखी वाकवणे. एक बाजू ताठ आणि दुसरी लवचिक राहिली तर सगळा भार लवचिक बाजूवर पडतो आणि ती एक दिवस तुटते. म्हणून कारागीर धनुष्य आडवे टांगतो, दोरी थोडी ओढतो, दुरून बघतो, ताठ दिसेल तेथे थोडे खरवडतो, पुन्हा ओढतो. शेवटी शेवटी कोयता बाजूला ठेवून काचेच्या तुकड्याने खरवडतो. घाई केली तर लाकूड परत जोडता येत नाही. समाजाच्या संघटनेलाही हाच नियम लागू पडतो, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

स्नेही सुट्टीत आले तेव्हा गोणपाटात गुंडाळलेले धनुष्य एस.टी.ने मोहोळला पोहोचले. बरोबर सहा बाण आणि दोन दोऱ्या होत्या. एक दोरी खास तिकडच्या पद्धतीची, बांबूच्याच चिवट पट्टीची. आम्ही स्प्रिंगचा काटा लावून ओढ मोजली, ती सुमारे दहा किलो भरली. तिरंदाजीच्या भाषेत बावीस पौंड. आठवीतल्या मुलीला योग्य. कारागिराची मजुरी, बाण आणि भाडे मिळून दोन हजारांच्या आत खर्च आला.

विहारातील प्रश्न

रविवारी वंदनेनंतर ही वार्ता विहारात पोहोचली. एका आजींनी सरळ विचारले, "बाळा, आपण पंचशील घेतो. पहिलंच शील जीव न मारण्याचं. मग पोरीच्या हातात हत्यार कशाला?"

प्रश्न रास्त होता आणि त्याला टाळून पुढे जाणे आम्हाला मान्य नव्हते. आम्ही सांगितले, आजी, 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीच लिहिले आहे, की यशोधरेच्या स्वयंवराच्या वेळी नेमबाजीची स्पर्धा झाली, सिद्धार्थ आधी तयार नव्हता, छन्नाने समजावल्यावर उतरला आणि सर्वात उत्तम नेम त्याचाच ठरला. त्याच ग्रंथात देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्ष्याला सिद्धार्थाने वाचवल्याचीही कथा आहे. नेमबाजीत श्रेष्ठ ठरलेला आणि पाखराचा जीव वाचवणारा सिद्धार्थ एकच आहे. दोष धनुष्यात नाही, ते कशावर रोखले यात आहे.

तथागतांच्या उपदेशात तर बाणाचे दाखले जागोजागी येतात. धम्मपदात बाण सरळ करणाऱ्या कारागिराची उपमा मन सरळ करणाऱ्या शहाण्या माणसाला दिली आहे. मालुंक्यपुत्ताला सांगितलेल्या दृष्टांतात विषारी बाण लागलेला मनुष्य वैद्याला थांबवून विचारत बसतो, की मारणारा कोणत्या वर्णाचा, धनुष्य कोणत्या प्रकारचे, दोरी रुईच्या तंतूची की स्नायूची, पिसे गिधाडाची की मोराची. उत्तरे मिळण्याआधीच तो मरेल, हे तथागतांचे सांगणे. आजी ऐकून म्हणाल्या, "म्हणजे बुद्धाला धनुष्याची सगळी माहिती होती म्हण की!" आणि पुढे त्यांनीच निशाणासाठी दोन जुनी पोती दिली.

सराव आणि नियम

त्या पोत्यांत ज्वारीचा सरमड आणि चिंध्या ठासून भरल्या आणि गावाबाहेर एका उंच बांधाला ती टेकवली. मागे बांध असल्याशिवाय बाण सोडायचा नाही, हा पहिला नियम. शिट्टी वाजेपर्यंत रेषेपुढे कोणी जायचे नाही, हा दुसरा. बाणाशिवाय दोरी ओढून सोडायची नाही, कारण बाणाला मिळायचा जोर धनुष्यालाच बसतो आणि ते फुटते, हा तिसरा. काम झाले की दोरी उतरवून ठेवायची, म्हणजे बांबू वाकडाच राहत नाही, हा चौथा.

पहिल्या दिवशी दहा पावलांवरून सहापैकी एक बाण पोत्यात गेला. लाकडी धनुष्यात बाण मध्यातून जात नाही, दांड्याला वळसा घालून जातो. सुटताना तो मासळीसारखा वळवळतो आणि मग सरळ होतो. बाण फार ताठ असला तर एका अंगाला जातो, फार लवचिक असला तर दुसऱ्या. भाचीने सहाही बाणांवर खुणा करून कोणता कुठे जातो याची वही ठेवली. दोन बाण सतत एकाच अंगाला जात होते, ते तिने बाजूला काढले. दोन महिन्यांत वीस पावलांवरून सहापैकी चार पोत्यात जाऊ लागले. गणितात कंटाळणारी मुलगी सरासरी काढू लागली, हा नफा आम्ही वेगळा धरतो.

आणखी एक गोष्ट तिच्यामुळे आमच्या ध्यानात आली. दोरी ओढताना पहिले बोट बाणाच्या वर आणि दोन बोटे खाली असतात. अंगठा लागतच नाही. भिल्ल बांधवही अंगठ्याविना बाण सोडतात आणि त्याचे कारण एकलव्याच्या स्मरणात सांगतात. ऑलिंपिकमध्येही आज तिरंदाज तीन बोटांनीच दोरी ओढतात. द्रोणाचार्याने मागितलेली गुरुदक्षिणा अशी वायाच गेली म्हणायची.

पुढची पायरी कोणाची?

आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधव यांचे आई-वडील मजुरी करीत. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक विकास भुजबळ यांनी मुलाला मैदानावर आणले, पुढे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याची निवड झाली. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने रौप्यपदक मिळवले त्यात प्रवीण होते. नंतर टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिके ते खेळले. सातारा जिल्ह्याचीच अदिती स्वामी २०२३ साली बर्लिन येथे सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. राजस्थानचे आदिवासी तिरंदाज लिंबाराम बांबूच्या धनुष्यापासून सुरुवात करून १९९२ मध्ये जागतिक विक्रमाच्या बरोबरीला पोहोचले.

या सर्वांच्या वाटेत एक खिंड होती. आपल्या देशात बांबूच्या धनुष्याच्या 'इंडियन राउंड' स्पर्धा राष्ट्रीय पातळीपर्यंत होतात, पण ऑलिंपिकमध्ये हा प्रकार नाही. तेथे सत्तर मीटरवर आधुनिक धनुष्यच लागते. म्हणजे दोन हजारांच्या धनुष्यावर गुण दिसतो आणि दोन लाखांच्या धनुष्यापाशी गरिबाचे पोर थांबते. आजचा द्रोणाचार्य अंगठा मागत नाही, बिल मागतो. खिंड ओलांडली ती ज्यांच्या मागे शिक्षक, प्रबोधिनी किंवा लष्कर उभे राहिले त्यांनी.

म्हणून आमची विनंती आहे. जयंती मंडळांनी डीजेच्या एका रात्रीच्या खर्चातून चार-पाच बांबूची धनुष्ये करून घ्यावीत आणि ती वस्तीतल्या मुलामुलींना विहाराच्या नावाने द्यावीत. ज्याच्या-जिच्यात गुण दिसेल त्याची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयास लेखी कळवावी, प्रबोधिनीच्या निवड चाचणीची तारीख विचारावी आणि अर्जाची पोच घ्यावी. पोच घेण्याचे काम आम्हा कारकुनांना चांगले जमते, ते आमच्याकडे सोपवावे. मातांनी एवढेच करावे, की मुलगी धनुष्य मागेल तेव्हा हसू नये.

आमच्या भाचीचा हात वर्षभरात लांब होईल आणि हे धनुष्य तिला अपुरे पडेल. शेजारच्या गल्लीतील पाचवीतल्या एका मुलाने ते आतापासूनच मागून ठेवले आहे. सुतळीला नव्या गाठी मारायच्या आहेत. जयभीम!