धुकं पांढरंच का? आकाशाचा निळा रंग आणि उसाची ट्रॉली

गाडी चालवत ऐकत असाल तर आधी इयरफोन काढा, घरी पोचून ऐका. आजचा विषयच तसा आहे.

आपलं वरवंड म्हणजे पुणे–सोलापूर हायवे, व्हिक्टोरिया तलाव आणि चहूबाजूंनी ऊस. थंडीत पहाटे धुकं पडतं आणि नेमका तोच उसाच्या ट्रॉल्यांचा सीझन. मला बरेच जण सांगतात, "लाल दिवा धुक्यातून लांबून दिसतो, म्हणून तर सिग्नल लाल असतो." हे कितपत खरं? बघूया.

सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात. हवेचे रेणू प्रकाशाच्या लहरीपेक्षा खूपच लहान. त्यांच्यावर प्रकाश पडला की तो इकडेतिकडे विखुरतो. शाळेच्या पुस्तकातलं 'प्रकाशाचं विकिरण' ते हेच. निळ्याची लहर साधारण ४५० नॅनोमीटर, लालची ७००. लहर जितकी आखूड, तितकं विखुरणं जास्त. या हिशोबानं निळा रंग लालपेक्षा जवळपास सहापट विखुरतो. लॉर्ड रॅले यांनी हे गणित १८७१ मध्ये मांडलं. म्हणून आकाश निळं. संध्याकाळी उजेड हवेतून लांबचा रस्ता कापून येतो, वाटेत निळा गळतो आणि सूर्य तांबडा दिसतो.

गुऱ्हाळावर बघा. धुराड्यातून निघणारा पातळ धूर मागं गर्द झाडं असली की निळसर दिसतो, मागं उजळ आकाश असलं की तोच तपकिरी. धूर एकच! पहिल्यात विखुरलेला उजेड दिसतो, दुसऱ्यात आरपार आलेला.

घरी करून बघायचं? काचेच्या ग्लासात पाणी घ्या, दुधाचे दोन-चार थेंब टाका, अंधारात मोबाईलचा टॉर्च लावा. बाजूनं निळसर झाक, समोरून पिवळट.

आता धुकं. त्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी पटींनी मोठे असतात. तिथं निळा-लाल असा भेदभाव नाही. सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. सगळे मिसळले की पांढरं. म्हणजे स्वच्छ हवेत लाल दिव्याला थोडा फायदा मिळतो, दाट धुक्यात तो जवळपास संपतो. पुढच्या गाडीचा लाल दिवा आपल्याला वाचवेल या भरवशावर राहू नका.

आणि अप्पर मारला तर? तोच उजेड थेंबांवरून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून डिप्पर ठेवा. फॉग लॅम्प खाली बसवलेले असतात ते याचसाठी: उजेड रस्त्यावर पडावा, डोळ्यांसमोर नाही.

ट्रॉलीवाल्या भावांनो, मागं रिफ्लेक्टर लावाच, त्यावरची धूळ-चिखल रोज पुसा. पण रिफ्लेक्टरचा उजेड धुक्यातून जातो आणि परत येतो, दोनदा विखुरतो. त्यामुळे तो उशिरा दिसतो. मागचा दिवा चालू हवाच, आणि ट्रॉली बंद पडली तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर.

बाईकवाल्यांनो, चौफुल्यापासून पाटसपर्यंत धुकं असेल तर एकच नियम: जेवढं दिसतंय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, एवढाच स्पीड. दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

हा एपिसोड ट्रॉली चालवणाऱ्या एका तरी मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात!