जमिनीखालचा गॅस आणि दोन सरकारे

आपल्या मॉरिशसमध्ये स्वयंपाकाचा गॅस टाकीतून येतो. ज्यांची मुले-भावंडे अमेरिकेत जर्सी सिटीला स्थायिक झाली आहेत, त्यांच्या घरी तो रस्त्याखालच्या नळातून येतो. त्या नळाची राखण कोण करते, हे तिथल्या रहिवाशांनाही नीट सांगता येत नाही.

राज्याच्या आतल्या नळांकडे न्यू जर्सीचे सार्वजनिक सेवा मंडळ पाहते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मोठ्या नळाची सुरक्षा केंद्राकडे असते. केंद्राने 1968 च्या कायद्याने किमान नियम ठरवले. आपल्या हद्दीतल्या नळांसाठी राज्य त्याहून कडक नियम करू शकते, सैल मात्र नाही. राज्याच्या तपासनीसांच्या खर्चातील 80 टक्क्यांपर्यंत वाटा केंद्र देऊ शकते. थोडक्यात, पैसा बराचसा दिल्लीचा आणि माणसे मुंबईची, असे म्हणा ना!

हे सारे कागदी नाही. 23 मार्च 1994 च्या रात्री न्यू जर्सीतल्याच एडिसन येथे 36 इंची आंतरराज्य नळ फुटला. आगीने वसाहतीच्या आठ इमारती गिळल्या आणि शेकडो कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. चौकशीत आढळले की पूर्वीच्या खोदकामात नळाला ओरखडा पडला होता, तिथेच तडा वाढत गेला. गॅस बंद करायला सुमारे अडीच तास लागले. एडिसनमध्ये आज भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे.

ही आठवण ताजी असल्यामुळेच जर्सी सिटीतून 30 इंची नळ मॅनहॅटनला न्यायचे ठरले, तेव्हा तिथले महापौर जेरामाया हीली यांनी कडाडून विरोध केला. पण आंतरराज्य नळाचा मार्ग ठरवण्याचा अधिकार शहराला नाही. केंद्रीय ऊर्जा आयोगाने मे 2012 मध्ये मंजुरी दिली, नोव्हेंबर 2013 मध्ये गॅस सुरू झाला, आणि 2014 मध्ये न्यायालयाने शहराची याचिका वादाच्या खोलात न शिरताच फेटाळली. सुरक्षेचे नियम एकसारखे असावेत, हे मला पटते. पण ज्यांच्या उंबऱ्याखालून नळ जातो त्यांचा शब्द इतका हलका असावा, हे पटत नाही.

एक गोष्ट मात्र घरमालकाच्या हातात आहे. अंगणात कुंपणाचा खांब रोवायचा असला तरी आधी 811 क्रमांकावर फोन करावा. नळ कुठून गेला आहे याच्या खुणा फुकट करून मिळतात. न्यू जर्सीत हा फोन तीन कामकाजाचे दिवस आधी करावा लागतो. तिकडच्या आपल्या मुलांना पुढच्या फोनवर हे जरूर विचारा.