राज्य विधेयक

राज्य विधेयक म्हणजे भारतातील घटक राज्याच्या विधिमंडळापुढे विचारार्थ मांडलेला कायद्याचा मसुदा होय. विधिमंडळाची संमती आणि राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्यावर विधेयकाचे अधिनियमात रूपांतर होते. वृत्तपत्रांत ‘विधेयक मंजूर’ असा मथळा आला की कायदा लागू झाला, असा समज सर्रास होतो. प्रत्यक्षात सभागृहाची संमती, अनुमती, राजपत्रातील प्रसिद्धी, अंमलाची तारीख आणि नियमांची निर्मिती हे स्वतंत्र टप्पे आहेत. त्यांच्यातील अंतर काही दिवसांचे असू शकते, तसेच दोन दशकांचेही. प्रस्तावित कायद्याचा रहिवाशांच्या दैनंदिन जीवनावर काय परिणाम होईल, हे त्याच्या नावापेक्षा या टप्प्यांवर आणि मसुद्यातील शब्दांवर अधिक अवलंबून असते.

व्याप्ती

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशा तीन सूच्या आहेत. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था, शेतजमीन, पाणी, मद्य हे राज्यसूचीतील विषय होत. शिक्षण, विवाह, कामगार कल्याण आणि फौजदारी कायदा हे समवर्ती सूचीत मोडतात. घराचे भाडे, दुकानावरील पाटी, सातबारा, नळाचे पाणी या रोजच्या बाबींशी नागरिकाचा संबंध बहुतांशी राज्याच्या कायद्यांमार्फत येतो. चर्चा मात्र संसदेतील विधेयकांचीच अधिक होते.

विधेयकाची रचना

महाराष्ट्रात विधेयक मराठीत मांडले जाते. अनुच्छेद ३४८ नुसार राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा त्या कायद्याचा इंग्रजीतील प्राधिकृत पाठ समजला जातो. विधेयकातील तरतुदींना ‘खंड’ म्हणतात. अधिनियम झाल्यावर त्यांचीच ‘कलमे’ होतात.

पहिल्या खंडात संक्षिप्त नाव व प्रारंभ दिलेला असतो. शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकास अधिनियम अंमलात येईल, अशा अर्थाचे वाक्य तेथे असल्यास प्रारंभाचा दिवस ठरविण्याचा अधिकार सभागृहाकडून शासनाकडे गेलेला असतो. दुसऱ्या खंडात बहुधा व्याख्या असतात. ‘आस्थापना’, ‘कुटुंब’, ‘समाज’ अशा साध्या दिसणाऱ्या शब्दांची व्याप्ती तेथे ठरते आणि कायदा कोणाला लागू होणार हेही तेथेच ठरते. मसुद्याच्या अखेरीस उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडलेले असते. खर्चाचा भार पडणार असल्यास वित्तीय ज्ञापन आणि नियम करण्याचे अधिकार शासनाला दिले असल्यास वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापनही जोडले जाते. हे शेवटचे ज्ञापन सामान्य वाचक बहुधा वाचत नाही, परंतु शुल्क किती, अर्ज कोणाकडे, मुदत किती, सूट कोणाला या प्रश्नांची उत्तरे पुढे नियमांतून मिळणार असल्याची सूचना त्यातच असते.

विधिमंडळातील वाटचाल

महाराष्ट्राचे विधिमंडळ द्विसदनी आहे. विधानसभेत २८८, तर विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. गोव्यात ४० सदस्यांची केवळ विधानसभा असल्याने तेथे दुसऱ्या सभागृहाचा टप्पा नाही. धन विधेयक विधान परिषद १४ दिवसांपेक्षा अधिक काळ रोखू शकत नाही. इतर विधेयकांबाबत अनुच्छेद १९७ नुसार प्रथम तीन महिने आणि विधानसभेने ते पुन्हा संमत केल्यास आणखी एक महिना, इतकाच विलंब परिषद करू शकते.

सखोल छाननीसाठी विधेयक प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठविता येते. विधानसभा विसर्जित झाल्यास तिच्यापुढे प्रलंबित असलेली विधेयके, तसेच तिने संमत केलेली पण परिषदेत प्रलंबित असलेली विधेयके व्यपगत होतात. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले. त्या विधानसभेची मुदत संपल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये ते नव्याने मांडून संयुक्त समितीकडे सोपविण्यात आले. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या आणि मसुद्यात बदल होऊन जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. एखाद्या राज्य विधेयकावर एवढ्या मोठ्या संख्येने लेखी हरकती येणे विरळाच.

अनुमती आणि प्रतीक्षा

संमत विधेयक राज्यपालांकडे जाते. अनुच्छेद २०० नुसार राज्यपाल अनुमती देऊ शकतात, ती रोखू शकतात, धन विधेयक नसल्यास पुनर्विचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात. समवर्ती विषयावरील राज्याचा कायदा संसदेच्या कायद्याशी विसंगत असेल, तर राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्यासच तो त्या राज्यात प्रभावी ठरतो. या निर्णयांसाठी संविधानात निश्चित कालमर्यादा नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तमिळनाडूच्या प्रकरणात अशा मर्यादा आखून दिल्या होत्या. राष्ट्रपतींनी मागविलेल्या अभिप्रायावर नोव्हेंबर २०२५ मध्ये घटनापीठाने मत दिले की न्यायालयाला अशी मुदत घालून देता येत नाही. मात्र दीर्घ व अकारण निष्क्रियतेच्या प्रसंगी मर्यादित निर्देश देता येतील.

या प्रतीक्षेचा अर्थ सामाजिक बहिष्काराच्या कायद्यावरून स्पष्ट होतो. जातपंचायती आणि गावकी यांनी कुटुंबांना वाळीत टाकण्याच्या तक्रारी वाढल्यावर महाराष्ट्र विधिमंडळाने १३ एप्रिल २०१६ रोजी सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारे विधेयक एकमताने संमत केले. राष्ट्रपतींच्या अनुमतीनंतर तो कायदा ३ जुलै २०१७ पासून अंमलात आला. मधल्या सुमारे पंधरा महिन्यांत गावच्या दुकानात किराणा नाकारला गेलेल्या, मयतीला खांदा न मिळालेल्या किंवा मुलीचे लग्न मोडल्या गेलेल्या कुटुंबाला या कायद्याखाली फिर्याद देता येत नव्हती. अनुच्छेद २० नुसार जे कृत्य घडले तेव्हा गुन्हा नव्हते, त्यासाठी नंतरच्या कायद्याने शिक्षा देता येत नाही; त्यामुळे त्या काळात घडून संपलेल्या कृत्यांबाबत हा कायदा पुढेही उपयोगी पडणार नव्हता. या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तत्कालीन मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला होता. तो दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये अवैध ठरविला. त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ वाळीत पडलेल्यांसाठी राज्यात स्वतंत्र कायदा नव्हता.

याहून दीर्घ प्रतीक्षा महाराष्ट्र प्राणी संरक्षण (सुधारणा) विधेयकाच्या वाट्याला आली. १९७६ च्या मूळ अधिनियमातील गोवंश हत्येची बंदी बैल व वळू यांनाही लागू करणारे हे १९९५ चे विधेयक राष्ट्रपतींच्या अनुमतीनंतर मार्च २०१५ मध्ये अंमलात आले. विधेयक संमत झाले तेव्हा लहान असलेली मुले तोवर कमावती झाली होती. खाटीक, कातडी कमावणारे, भाकड जनावर विकून नवे घेणारा शेतकरी आणि हे मांस खाणारी कुटुंबे या सर्वांवर त्याचा एकाएकी परिणाम झाला. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हत्याबंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कापलेल्या अशा जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम ५ड आणि पुराव्याचा भार आरोपीवर टाकणारे कलम ९ब न्यायालयाने रद्द केले.

शंका आणि मसुदा

विधेयक चर्चेत असताना त्याच्याविषयी होणारा प्रचार आणि त्याचा प्रत्यक्ष मजकूर यांत बरेच अंतर पडू शकते. जादूटोणाविरोधी कायदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विधेयकाचा प्रवास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. २००५ मध्ये विधानसभेने त्याचे एक रूप संमत केले होते, परंतु विधान परिषदेची संमती मिळाली नाही. पूजाअर्चा, नवस, वारी, कीर्तन यांवर बंदी येईल, अशी भीती त्या वर्षांत व्यक्त होत राहिली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश काढण्यात आला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधेयक संमत झाले.

अंतिम मजकूर आरंभीच्या मसुद्यांपेक्षा बराच आखूड आहे. कोणती कृत्ये गुन्हा ठरतात, हे १२ बाबींच्या अनुसूचीत सांगितले आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, गुप्तधनासाठी अमानुष कृत्ये करणे, साप चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखणे अशांचा त्यात समावेश होतो. त्याउलट प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन, घरातील व मंदिर-दर्ग्यातील उपासना, मोहरमची मिरवणूक, कान-नाक टोचणे, जैनांचे केशलोचन, इतकेच नव्हे तर नंदीबैलवाल्या जोशांचा सल्लाही कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचे कलम १२ मध्ये नमूद आहे. हे कलम म्हणजे त्या वर्षांतील आक्षेपांची जणू यादीच होय.

नियम व अधिसूचना

काही अधिनियमांचा परिणाम अंमलाच्या दिवशी जाणवत नाही. महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियम २००६ चा आहे. पण भाजीवाल्याकडून मिळणारी पातळ प्लॅस्टिक पिशवी बंद झाली ती या अधिनियमाखाली २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेमुळे. तिची दंडात्मक अंमलबजावणी त्याच वर्षी २३ जूनपासून सुरू झाली. पिशवी कोणती, पेला कोणता, दंड कधीपासून हे रहिवाशांना जाणवलेले तपशील अधिसूचनेतून आले आणि अधिसूचनेवर विधेयकाप्रमाणे सभागृहात तीन वाचने होत नाहीत.

दुकानांच्या पाट्यांबाबत उलट घडले. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना मराठी पाटीच्या सक्तीतून मिळणारी पळवाट मार्च २०२२ मध्ये विधेयक आणून बंद करण्यात आली.

पगारपत्रकातील उदाहरण

प्रस्तावित कायद्याचे लाभ आणि भार निरनिराळ्या लोकांवर आणि निरनिराळ्या वेळी पडतात. महाराष्ट्रातील रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली, वि. स. पागे हे तिचे जनक मानले जातात. योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा करण्यात आला. कामाच्या हक्काला कायद्याचे रूप देणारा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ चा असला, तरी त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाला. म्हणजे शहरातील नोकरदाराच्या पगारातून कपात आधी सुरू झाली आणि खडी फोडणाऱ्या मजुराला काम मागण्याचा कायदेशीर हक्क त्यानंतर काही वर्षांनी मिळाला. अनुच्छेद २७६ नुसार या कराची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे. दरमहा दहा हजारांहून अधिक वेतन असलेल्या पुरुषाच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते ही बेरीज जुळविण्यासाठीच. महिलांना एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर हा कर माफ आहे.