पटाची हौस

धान कापून, बांधून, मळून घरात आलं की गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत मिळते. गोंदियाहून दवनीवाड्याकडे निघा, दोन्ही अंगांना धानाच्या बांध्याच बांध्या. खरीप उरकल्यावर कुठे त्यांत लाखोळी हिरवी होते, कुठे नुसती धसकटं उरतात. याच रिकाम्या शिवारात पूर्व विदर्भाचा खरा हंगाम सुरू होतो. आधी मंडई म्हणजे गावजत्रा, मग शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक. दिवाळीपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत कोणत्या ना कोणत्या गावात काही तरी असतंच.

हल्ली याच जिल्ह्यांतून नोकरीधंद्याला बाहेर पडलेली मंडळी नॉर्वे-स्वीडन-फिनलंडच्या सहलींना जातात. ध्रुवप्रकाश बघायला म्हणून जातात आणि परत आल्यावर बोलतात कुत्र्यांच्या गाडीबद्दल. ट्रॉम्सो, रोवानिएमी, किरुना, लाँगयिअरब्यन, नावं वेगळी, वर्णन एकच. आकाशातला प्रकाश ढगांच्या मर्जीवर, दिसला तर दिसला. कुत्रे मात्र हमखास धावतात. त्या वर्णनात मला वारंवार शंकरपट ऐकू येतो, आणि पटाचं काय चुकतं, काय बरोबर आहे, हेही त्यातूनच कळत जातं.

आधी तिकडचं सांगतो. गाडी ओढणारे बहुतेक कुत्रे चित्रातल्या निळ्या डोळ्यांच्या सायबेरियन हस्कीसारखे देखणे नसतात. ते अलास्कन हस्की, म्हणजे धावण्यासाठी पिढ्यान् पिढ्या निवडलेली मिश्र जात. सडपातळ, साधारण वीस-पंचवीस किलोची. पुढे समजूतदार जोडी, मागे गाडीला लागून ताकदीचे कुत्रे. ओढण्याचा पट्टा गळ्यात नसतो, छातीवर आणि पाठीवर बसतो, म्हणून श्वास कोंडत नाही. गाडी दोरीने खांबाला जखडलेली असते आणि ती तशी असावीच लागते, कारण पट्टे चढले की कुत्रे भुंकतात, किंचाळतात, जागच्या जागी उभे उडतात. पाहुण्यांना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दोरी सुटते आणि सगळा आवाज एका क्षणात बंद होतो. उरते फक्त बर्फावर घासणाऱ्या गाडीच्या पट्ट्यांची सळसळ. गेलेला प्रत्येक माणूस हाच क्षण सांगतो. वेग कोणी सांगत नाही. वेग तसा फार नसतोच.

दुसरी गोष्ट, पाहुणा तिथे नुसता सामान होऊन बसत नाही. एक जण गाडीत, एक मागे उभा, पायाखाली ब्रेक. अर्ध्या वाटेत जागा बदलायची. चढ आला की मागच्याने एक पाय खाली टेकून ढकलायचं. ढकललं नाही तर पुढचे कुत्रे मान वळवून बघतात, आणि त्या नजरेने भलेभले खजील होतात. परतल्यावर पट्टे काढायचे, मांसाचं कोमट पाणी पाजायचं, पिल्लं मांडीवर घ्यायची. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्प पसरला, तेव्हा वीस गाडीवानांनी टप्प्याटप्प्याने सुमारे १०८५ किलोमीटरवरून घटसर्पावरचं प्रतिविष तिथवर पोचवलं, त्या कुत्र्यांचे वंशज आणि भाऊबंद आता पर्यटकांना घेऊन फिरतात. कामाचं जनावर काम संपल्यावर हौसेचं झालं.

आपल्याकडे बैलाचं नेमकं हेच झालं आहे. नांगरणी, चिखलणी, मळणी, सगळं ट्रॅक्टरकडे गेलं. आज ज्याच्या गोठ्यात पटाची जोडी आहे, त्याने ती नफ्यातोट्याचा हिशोब करून ठेवलेली नाही. सरकी ढेप, उडीद, दूध, अंडी, शिवाय जोडीला सांभाळायला घरातला एखादा पोरगा दिवसभर मोकळा. विदर्भातली आपली जात गवळाऊ, वर्धा-नागपूरपासून शिवनी-बालाघाटपर्यंतची. मराठ्यांच्या फौजेचं सामान डोंगराळ मुलखात झपाट्याने न्यायला ती घडवली गेली असं मानतात. चालीची चपळ म्हणूनच तिची ख्याती. पटाच्या जोड्यांत मात्र जातीपेक्षा जोडीचा मेळ बघतात. डावीकडचा डावीकडेच जुंपायचा. बाजू बदलली की त्याच दोन बैलांचं तंत्र बिघडतं.

पटाची जागा म्हणजे दान, सरळ आखलेली माती. झाडीपट्टीत ती सोपी नाही, कारण शिवार सगळं लहानलहान बांध्यांत चिरलेलं. मधले धुरे फोडून, ढेकळं दाबून, पाणी मारून दान तयार करावी लागते, आणि ती ज्यांच्या बांध्यांतून जाते त्या शेतकऱ्यांनी होकार दिलेला असावा लागतो. काही गावी एकेक जोडी घड्याळावर सोडतात, काही गावी शेजारशेजारच्या दोन दानींवर दोन जोड्या. गाडी म्हणाल तर नावालाच. हलकी चाकं आणि धुरकऱ्याला, म्हणजे जोडी हाकणाऱ्याला, कसंबसं टेकता येईल एवढा आधार. धुरकरीही अंगाने हलकाच हवा.

सुटण्याच्या जागी जाऊन उभं राहावं. प्रेक्षक बहुतेक शेवटाकडे गर्दी करतात, पण बघण्यासारखं सुरुवातीला असतं. चार-पाच माणसं वेसण आणि जू धरून आहेत, बैलांच्या नाकपुड्या फुललेल्या, मागचे पाय मातीत रुतवलेले, कातडीवर लाट सरकावी तशी थरथर. एखादा बैल दानीकडे तोंड केलं की आपोआप पुढे रेटतो. एखादा नाही रेटत. मान खाली घालून उभा राहतो, आणि जाणता मालक त्याला त्या दिवशी सोडत नाही, परत नेतो. मग धरणारे बाजूला होतात आणि पुढचं सगळं काही सेकंदांत आटोपतं. सेकंदाच्या शतांशावर निकाल लागतो. धूळ बसेपर्यंत पुढची जोडी आलेली असते.

हा बैल परत नेण्याचा शहाणपणा सगळीकडे नव्हता, हे मान्य करायला हवं. तुतारीचा, म्हणजे टोचणीच्या काठीचा खिळा, शेपटी पिरगाळणं, चावणं, नशापाणी, क्वचित विजेचा झटका. हे प्रकार झाले आणि तेच न्यायालयात गेले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण तीही न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांची तपासणी लागते, धाव एक हजार मीटरच्या आत, आणि चाबूक-तुतारीला मनाई. विदर्भातला पट तसाही आखूड दानीचा, त्यामुळे अंतराची अट त्याला जाचत नाही. हातातली काठी सुटायला मात्र वेळ लागतो आहे.

माझं मत विचाराल तर बंदीची ती वर्षं पटाच्या पथ्यावरच पडली. टिकलेल्या जोड्या हौशी मालकांच्या. ज्यांना फक्त पैज हवी होती ते दुसरीकडे वळले. अर्थात पैसा परत येतोच आहे. राज्यात मोठ्या शर्यतींना बक्षीस म्हणून मोटारसायकल, ट्रॅक्टर लावतात. बैलाने धावून ट्रॅक्टर जिंकायचा, याच्याइतका कडू विनोद मला माहीत नाही.

पट नुसत्या दानीवर संपत असता तर पाहुण्याला तिथे दिवस काढणं अवघड गेलं असतं. उन्हात एका जागी उभं राहून किती जोड्या बघणार? पण झाडीपट्टीत पट म्हणजे गावभर पाव्हणे. माहेरवाशिणी येतात, सोयरे येतात, उपवर मुलामुलींची चौकशी याच दिवसांत होते आणि कितीतरी लग्नं पटाच्या गर्दीत ठरतात. पालाच्या दुकानांत बांगड्या, जिलेबी, खेळणी. आणि रात्री नाटक. ते बघायला ज्याने थांबायचं टाळलं त्याने अर्धा पट पाहिला. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचं ठाणं. मंडळांची कार्यालयं तिथे, तारखा तिथे ठरतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडायला आलं तरी प्रवेश चालूच. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या सेवेसाठी. दिवसा धुरकऱ्याला टाळ्या, रात्री नटाला.

अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट याच्याही एक पाऊल पुढे गेला. तिथे महिला धुरकरी दानीवर उतरतात. त्यांची धाव बघायला बायकांची गर्दी लोटते, एरवी पटाच्या कडेला डोक्यावर पदर घेऊन लांब उभ्या राहणाऱ्या बायकांची. पूर्वेकडच्या गावांनी हे उचलायला हरकत नाही.

आणि हस्कीवाल्यांकडूनही एक गोष्ट उचलावी. पट भरवणारी मंडळी पाहुण्याला कठड्यामागे उभं करतात, माइकवरून कान किटवतात आणि बक्षिसाचे आकडे सांगतात. त्याऐवजी सकाळी दोन तास जोड्या जवळून बघू द्याव्यात. बैल काय खातो, कोणत्या वयात दानीवर येतो, डावा कोणता, उजवा कोणता, जू कसं बसवतात, हे सांगायला मालक एका पायावर तयार असतो; त्याला कोणी विचारत नाही एवढंच. नवेगाव-नागझिऱ्याला वाघ बघायला येणारे आणि गोंदियाच्या तळ्यांवर सारस बघायला येणारे पर्यटक या जिल्ह्यात आहेतच. त्यांतल्या निम्म्यांना आपण पटाच्या गावापासून काही कोसांवर उतरलो आहोत, याचा पत्ता नसतो.

तेव्हा यायचं तर संक्रांत ते होळी या दिवसांत या. गोंदियात किंवा साकोलीत कोणालाही विचारा, या आठवड्यात पट कुठे आहे ते सांगेल. सकाळीच पोचा. मालकाला विचारल्याशिवाय बैलाच्या अंगाला हात लावू नका आणि मागून तर जवळ जाऊच नका. रात्री नाटकाला थांबा. थंडी बरीच असते, घोंगडी जवळ असू द्या. आणि दानीवर कोणाच्या हातात तुतारी दिसली, तर तोंडावर सांगा आणि तिथून निघा. गर्दी निघून जाते म्हटल्यावर आयोजक ऐकतात.