ग्रंथसंग्रहाचा विस्तार आणि संगणकातील तार्किक खंड

विष्णुभट गोडसे वरसईकर हे १८५८ मध्ये झाशी येथे होते. इंग्रज फौजेने शहर घेतल्यावर तेथील ग्रंथसंग्रहाची जी वाताहत झाली, ती त्यांनी ‘माझा प्रवास’ या वृत्तान्तात नमूद केली आहे. या वृत्तान्ताचा स्वतःचा इतिहासही बोधप्रद आहे. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये तो फेरफारांसह प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये निघाली. मूळ प्रत राखली गेली म्हणूनच ही पाठशुद्धी शक्य झाली.

आज अशा प्रतींच्या प्रतिमा संगणकावर जतन केल्या जातात. ए-४ आकाराच्या एका पानाची, इंचाला ३०० बिंदूंची रंगीत व असंक्षेपित प्रतिमा सुमारे २६ मेगाबाइट जागा व्यापते. ६०० बिंदूंची प्रतिमा त्याच्या चौपट. जागा अपुरी पडली की प्रतिमेचा दर्जा उतरविण्याचा मोह होतो, आणि पुसट अक्षर वा खोडाखोड नेमकी तेथेच हरवते. म्हणून साठवण वाढविण्याची रीत अभ्यासकालाही ठाऊक असणे इष्ट होय.

लिनक्स प्रणालीत या कामासाठी तार्किक खंडांची योजना आहे. तिच्या तीन पायऱ्या आहेत. प्रत्यक्ष तबकडी हा भौतिक खंड. अशा अनेक खंडांचा मिळून खंडसमूह. आणि त्या समूहातून हवा तेवढा कापून घेतलेला तो तार्किक खंड. समूहाची जागा लहान समान तुकड्यांत विभागलेली असते. सामान्यतः एक तुकडा ४ मेबिबाइटचा असतो. तार्किक खंडाचे तुकडे सलग असण्याची गरज नसल्याने तो एका तबकडीच्या मर्यादेत अडकून पडत नाही.

विस्ताराचा क्रम असा. नवी, रिकामी तबकडी जोडून ‘पीव्हीक्रिएट’ या आज्ञेने तिला भौतिक खंड करावे, ‘व्हीजीएक्स्टेंड’ने तिचा समूहात समावेश करावा, ‘एल्व्हीएक्स्टेंड’ने तार्किक खंड वाढवावा. येथे काम संपत नाही. खंड वाढला तरी त्यावरील फाइलव्यवस्थेला नव्या जागेची जाणीव नसते. ती ‘ईएक्स्टी-४’ असल्यास ‘रिसाइझ-टू-एफएस’, आणि ‘एक्सएफएस’ असल्यास ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’ ही आज्ञा द्यावी लागते. हे सर्व सामान्यतः संग्रह वापरात असतानाच साधते. ‘एक्सएफएस’ वाढविता येते, परंतु तशी आटविता येत नाही. म्हणून जागा बेताने द्यावी.

एक मर्यादा मात्र विसरता कामा नये. एकच खंड दोन तबकड्यांवर पसरला आणि त्यांतील एक निकामी झाली, तर संपूर्ण खंड धोक्यात येतो. विस्तार म्हणजे संरक्षण नव्हे. विस्तारापूर्वी आणि नंतरही संग्रहाची स्वतंत्र प्रत अन्य स्थळी असलीच पाहिजे. एका ठिकाणी एकवटलेला संग्रह एका आघातात कसा नाहीसा होतो, याची साक्ष झाशीनेच दिली आहे.