हीटर गार हवा फेकतो तेव्हा

थंडीच्या रात्री गाडी चालवून संसार चालविणाऱ्या बांधवांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिनात तापलेले कूलंट हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून फिरते आणि पंखा ती ऊब आत सोडतो. म्हणून हीटर गार हवा फेकू लागला, की आधी इंजिनाची विचारपूस करावी.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंटची पातळी पाहा. कमी असेल तर गळती शोधा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. उकळते पाणी अंगावर उडते. पातळी ठीक असून तापमानाचा काटा वर चढतच नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असण्याचा संभव आहे. काटा ठीक असेल, तर हीटरचे दोन्ही पाइप जपून चाचपा. एक गरम, एक गार असेल तर आत गाळ साचलेला असू शकतो. दोन्ही गरम असतील तर दोष बहुधा हवेच्या झडपेत.

मात्र काटा लाल खुणेकडे आणि हीटर गार, असे दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. कूलंट संपत आल्याची ती खूण असू शकते. खेप चुकली तर उद्या मिळेल. इंजिन बसले तर घरची भाकरी थांबते.